नाव कागदावर, हक्क कुणाचा?

यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथाचा बत्तिसावा अध्याय आम्ही पूर्वी अनेकदा वाचला होता. परंतु त्या अध्यायात एक खरेदीखत दडलेले आहे, ही गोष्ट आमच्या ध्यानात फार उशिरा आली. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला आहे, संदेष्टा स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. आणि अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हानामेल येऊन अनाथोथ येथील आपले शेत विकत घेण्याची त्याला गळ घालतो. यिर्मया सतरा शेकेल रुपे तोलून देतो, खतावर सही करतो, साक्षीदार घेतो, खत मोहोरबंद करतो. आणि मोहोरबंद व उघडी अशी दोन्ही पत्रे बारूखाच्या हाती सोपवून ती मातीच्या भांड्यात ठेवावयास सांगतो, म्हणजे ती पुष्कळ काळ टिकतील. त्याच्याही कितीतरी आधी अब्राहामाने सारेच्या दफनासाठी मकपेलाची गुहा घेतली, ती चारशे शेकेल रुपे मोजून आणि नगरद्वारात जमलेल्या सर्वांच्या साक्षीने. एफ्रोन ती फुकट देऊ करीत होता, तरीही.

देवाच्या माणसांनी जमिनीचा व्यवहार तोंडी ठेवला नाही, आणि मोघमही ठेवला नाही. आम्ही मात्र ठेवला. त्या मोघमपणाच्या आडोशाला आम्ही सोळा महिने जे केले, त्याचीच ही हकिकत आहे. ती सांगताना संकोच वाटतो; परंतु आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांत थोड्याफार फरकाने हेच घडत असते, म्हणून संकोच बाजूला सारतो.

आमच्या वसईच्या घरांत मातीच्या भांड्याऐवजी पत्र्याची ट्रंक असते. तिच्यात सातबाराचे उतारे, फेरफाराच्या नकला, बाप्तिस्म्याचे दाखले आणि एखादे जुने गहाणखत एकाच फडक्यात बांधलेले असते. वाडी, विहीर, बावखल ही आमची ओळखीची मालमत्ता. तिच्या सीमा आम्हांला कागदावाचून पाठ असत. पुढे १९९० नंतर स्टेशनच्या बाजूला इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या आणि आमच्यातील कमावत्या माणसांनी तिथे फ्लॅट घेण्यास सुरुवात केली. राहण्यासाठी नव्हे, तर गुंतवणूक म्हणून. बँकेत ठेव ठेवावी तसा फ्लॅट घ्यावा, भाडे यावे, पुढे मुलांच्या शिक्षणाला किंवा लग्नाला उपयोगी पडावा, असा सरळ हिशेब होता. मात्र बँकेची ठेव आणि स्थावर मालमत्ता यांचे कायदे निराळे आहेत, हे कोणी कोणाला सांगितले नाही.

आमचे थोरले बंधू, आमचे दादा, आखातात नोकरीला होते. त्यांनी १९९५ साली असाच एक फ्लॅट घेतला. तेव्हा ते अविवाहित होते. पहिल्या हप्त्याला पैसे कमी पडले म्हणून आमच्या आईने हातातल्या चार बांगड्या काढून दिल्या. करारनाम्याची नोंदणी दुय्यम निबंधकाकडे झाली, मुद्रांक भरला गेला, पुढे गृहनिर्माण संस्था स्थापन झाली आणि पन्नास रुपयांच्या पाच भागांचे भागपत्र दादांच्या नावे आले. संस्थेने नामनिर्देशनाचा अर्ज पाठवला, तेव्हा दादांनी त्यात आमचे नाव लिहिले. दुसरे लिहिणार तरी कोणाचे? १९९८ साली त्यांचे लग्न झाले, पुढे एक मुलगी व एक मुलगा झाला. परंतु तो अर्ज बदलावा असे कोणाच्याच मनात आले नाही. फ्लॅट भाड्याने देणे, भाडे घेणे, संस्थेच्या सभेला जाणे ही कामे आमच्याकडे होती. त्यासाठी दादांनी आम्हांला कुलमुखत्यारपत्र करून दिले होते.

२०११ साली दादा तिकडेच हृदयविकाराने गेले. मुलगी अकरा वर्षांची होती, मुलगा आठ वर्षांचा. मृत्युपत्र नव्हते. महिन्याच्या मिस्सेनंतर काही दिवसांनी संस्थेचे पत्र आले की, आपण नामनिर्देशित आहात, तरी अर्ज करावा. आम्ही अर्ज केला आणि भागपत्राच्या पाठीवर आमचे नाव चढले. भाडेकरू दरमहा सहा हजार रुपये आमच्या खात्यात भरू लागला. वहिनी एकदा एवढेच म्हणाल्या, “भावोजी, तुमचं नाव लागलं म्हणजे ते तुमचंच झालं ना?” आम्ही मान डोलावली. आम्ही खोटे बोललो असे तेव्हा वाटले नाही, कारण आमचाही समज तोच होता. परंतु तो समज तपासून पाहण्याची आम्ही घाई केली नाही, हेही तितकेच खरे. आपल्या लाभाचे अज्ञान माणूस सहसा दूर करीत नाही. त्या पैशांतून आम्ही आमच्या घरापुढचा ओटा बांधून घेतला.

पुढल्या वर्षी उपवासकाळात आमच्या चर्चच्या सभागृहात एका अनुभवी वकिलांचे मार्गदर्शन झाले. विषय होता ख्रिस्ती कुटुंब आणि वारसा. आम्ही मागच्या बाकावर बसलो होतो. वकीलसाहेब म्हणाले की, नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक नव्हे. मयताची मालमत्ता कोणाच्या हाती द्यावी एवढेच नामनिर्देशन सांगते. ती कोणाची आहे हे वारसा कायदा किंवा मृत्युपत्र सांगते. नामनिर्देशित माणूस वारसांच्या वतीने विश्वस्त असतो. विमा पॉलिसीबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली हेच सांगितले होते. पुढे कंपन्यांच्या शेअर्सबाबतही त्याच न्यायालयाने २०२३ साली हाच निर्वाळा दिला. आणि महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिने तर नामनिर्देशित व्यक्तीला वारसांची नावे लागेपर्यंतचा तात्पुरता सभासद असेच म्हटले आहे.

त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्याच दिवशी आम्ही ट्रंकेतले कागद घेऊन वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी ते शांतपणे चाळले आणि वारसांची यादी एका कागदावर मांडली. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या मालमत्तेची वाटणी भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे होते. मुले असतील तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांना, मुलगा व मुलगी असा भेद न करता सारखे. म्हणजे त्या फ्लॅटमध्ये वहिनींचा एक तृतीयांश, पुतणीचा एक तृतीयांश, पुतण्याचा एक तृतीयांश. आमच्या नावापुढे त्यांनी शून्य काढले. मग थोडे थांबून आईच्या नावापुढेही शून्य काढले.

या दुसऱ्या शून्याने आम्ही गडबडलो. चार बांगड्यांचे काय, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, “लोकल गाडीत हिंदू मित्रांकडून ऐकलेला कायदा आपण आपल्या घराला लावतो, तिथेच चूक होते.” हिंदू उत्तराधिकार कायद्यात मुलाच्या वारसांत आई पहिल्या वर्गात बसते. ख्रिस्ती माणसाला मुले असतील, तर त्याच्या आईवडिलांना कायद्याने वाटा मिळत नाही. मुले नसतील, तर पत्नीला निम्मे आणि उरलेले निम्मे वडिलांना. वडील हयात नसतील, तरच आई व भावंडे यांचा विचार होतो. तसेच जन्माने वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क मिळण्याची हिंदू एकत्र कुटुंबाची पद्धत आपल्याला लागू नाही. वडील जिवंत असेतोवर त्यांची मालमत्ता त्यांचीच. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती प्रत्येक सासऱ्याने ऐकावी अशी आहे. मुलगा वडिलांच्या आधी वारला आणि पुढे वडील मृत्युपत्र न करता वारले, तर त्या मुलाचा वाटा नातवंडांना मिळतो; विधवा सुनेला मिळत नाही. ज्या घरात तिने वीस वर्षे चूल सांभाळली, त्या घरात कायदा तिला वारस मानीत नाही. तिच्यासाठी कुणीतरी लिहून ठेवावे लागते.

आम्ही म्हणालो, “मग आम्ही वहिनींच्या नावे हक्कसोडपत्र करून देतो.” आम्हांला ते फार उदारपणाचे वाटत होते. वकीलसाहेब हसले नाहीत. ते म्हणाले, “जो हक्क तुमचा नाहीच, तो तुम्ही सोडणार कसा?”

हे एक वाक्य आमच्या मनात आजतागायत घर करून आहे. आम्ही देणारे नव्हतोच. आम्ही दुसऱ्याचे धरून ठेवणारे होतो, आणि धरलेली मूठ उघडणे याला दान म्हणत नाहीत.

त्यांनी आणखी दोन गोष्टी दाखवून दिल्या. दादांचे कुलमुखत्यारपत्र त्यांच्या मृत्यूच्या क्षणी संपले होते. देणारा गेला की मुखत्याराचा अधिकारही जातो. आम्ही मात्र त्यानंतरही मुखत्यार म्हणून भाड्याच्या पावत्यांवर सह्या करीत होतो. दुसरे असे की, भाडेकरार साध्या स्टँपपेपरवर होता, त्याची नोंदणी नव्हती. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे असा करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. तो तसा नसेल, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते; शिवाय मालकाला दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आमचा भाडेकरू सज्जन होता, एवढेच आमचे नशीब.

त्या शनिवारी आम्ही कुमसाराला गेलो. सर्व सांगून झाल्यावर फादरांनी एकच प्रश्न विचारला, “आणि भाडे?” जक्कयाची गोष्ट आम्ही लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली होती. त्याला झाडावरून खाली उतरावे लागले, एवढेच आमच्या लक्षात राहिले होते. खाली उतरल्यावर त्याने पैसे परत करण्याचा शब्द दिला, हे आम्ही विसरलो होतो. घरी येऊन हिशेब केला. सोळा महिन्यांचे शहाण्णव हजार. त्यातून संस्थेला भरलेले देखभाल शुल्क, दरमहा आठशे प्रमाणे बारा हजार आठशे, वजा. बाकी त्र्याऐंशी हजार दोनशे रुपये. जक्कयाने चौपट देऊ केले. आम्हांला मूळ रक्कम जमवण्यासही पतपेढीचे कर्ज काढावे लागले.

वहिनींकडे जाऊन आम्ही कागद आणि पैसे त्यांच्यासमोर ठेवले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “भावोजी, मला ठाऊक नव्हतं, आणि तुम्हांलाही ठाऊक नव्हतं. पण तुम्ही विचारायला गेलात.” त्यांनी आमची अब्रू राखली. आम्ही विचारायला नव्हे, ऐकायला गेलो होतो, आणि तेही योगायोगाने. हे आम्ही त्यांना त्या दिवशी सांगू शकलो नाही.

पुढचे काम कागदांचे होते. दिवाणी न्यायालयातून वारस दाखला घ्यावा लागला. त्यात आठ महिने गेले. आम्ही संस्थेला प्रतिज्ञापत्र दिले की, आमचा या मालमत्तेवर कोणताही हक्क नाही व वारसांची नावे लावण्यास आमची हरकत नाही. मुले अज्ञान असल्याने त्यांच्या वाट्यासह फ्लॅट विकायचा तर न्यायालयाची परवानगी लागली असती. वहिनींनी तो विकला नाही. रीतसर नोंदणी केलेल्या करारावर भाड्याने दिला. दादांनी अर्ध्या पानाचे मृत्युपत्र केले असते, तर यातले बहुतेक टळले असते.

त्या अर्ध्या पानाविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. मृत्युपत्राला स्टँपपेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. केलेली बरी, एवढेच. करणाऱ्याची सही हवी आणि त्याने सही केल्याचे पाहणारे, किंवा त्याच्या तोंडून ऐकणारे, किमान दोन साक्षीदार हवेत, ज्यांनी त्याच्यासमोर आपल्या सह्या केल्या आहेत. मात्र साक्षीदाराला, किंवा त्याच्या पतीला अथवा पत्नीला, त्या मृत्युपत्राने काही दिलेले असेल, तर ते देणे रद्द ठरते. म्हणून ज्याला द्यायचे त्यालाच साक्षीदार करू नये. पूर्वी ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्रालाही न्यायालयातून प्रोबेट घेण्याची अट होती. २००२ सालच्या दुरुस्तीने ती आपल्यापुरती गेली. तसेच जवळचे नातलग असलेल्या ख्रिस्ती माणसाला धर्मादायासाठी मृत्युपत्राने मालमत्ता ठेवण्यावर एक जाचक बंधन होते. ते सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली घटनाबाह्य ठरवले. गोव्यातल्या आपल्या सोयऱ्यांचा कायदा मात्र वेगळा आहे. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या रीतीप्रमाणे, विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसल्यास, पतिपत्नी निम्म्यानिम्म्याचे मालक असतात आणि मुलांचा राखीव हिस्सा मृत्युपत्राने काढून घेता येत नाही. आपल्याकडे तसा राखीव हिस्सा नाही. म्हणजे आपल्याला मोकळीक अधिक आहे, आणि म्हणून जबाबदारीही अधिक आहे.

हयातीतच मालमत्ता द्यायची असेल, तर बक्षीसपत्र करता येते. ते नोंदणीकृतच असावे लागते, दोन साक्षीदार लागतात आणि घेणाऱ्याने ते देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारावे लागते. महाराष्ट्रात पती, पत्नी, मुले, नातवंडे यांना राहत्या स्वरूपाची मालमत्ता अशी दिली, तर मुद्रांक शुल्क नाममात्र असते. परंतु एकदा दिलेले सहसा परत घेता येत नाही, हे ध्यानात ठेवून म्हाताऱ्या माणसांनी आपल्या डोक्यावरचे छप्पर तरी हातचे राखावे. मृत्युपत्र मात्र कितीही वेळा बदलता येते.

फ्लॅट दोघांच्या नावे घेतला म्हणजे एकाच्या पश्चात तो आपोआप दुसऱ्याचा होतो, हाही बँकेच्या खात्यावरून आलेला गैरसमज आहे. तसे खतात लिहिलेले नसेल, तर प्रत्येकाचा हिस्सा त्याच्या त्याच्या वारसांकडे जातो. सातबारावर किंवा भागपत्रावर नाव असणे म्हणजे मालकी सिद्ध होणे नव्हे. मूळ खत महत्त्वाचे. शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत खताशिवाय होत नाही, आणि नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर घेतलेल्या घराने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली निःसंदिग्धपणे सांगितले आहे. गुंतवणूक म्हणून नवा फ्लॅट घेणाऱ्याने प्रकल्पाची महारेरा नोंदणी पाहावी, आणि करारनाम्याची नोंदणी होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम देऊ नये. तशी मागण्यास कायद्यानेच बिल्डरला मनाई आहे. जुना फ्लॅट असेल, तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात मागील तीस वर्षांचा शोध घ्यावा आणि इमारतीखालची जमीन संस्थेच्या नावे झाली आहे की नाही, हे विचारावे. झाली नसेल, तर मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग संस्थेला मोकळा आहे.

हे सर्व आम्ही वकिलीचा आव आणून सांगत नाही. प्रत्येकाच्या कागदांची गाठ निराळी असते आणि ती जाणत्याकडूनच सोडवून घ्यावी. आमचे सांगणे इतकेच की, विचारायला जावे. आणि लाभ आपल्या पदरात पडलेला असताना तर अवश्य जावे.

आई २०१९ साली गेली. शेवटची सहा वर्षे ती वहिनींकडेच होती. कायद्याने तिच्या नावापुढे शून्य होते; पण भाडे आले की वहिनी दरमहा पाचशे रुपये तिच्या हातावर ठेवीत आणि म्हणत, “आई, हे बांगड्यांचे.” आई त्यांतून मिस्सा सांगायची आणि उरलेले नातवंडांना द्यायची.

आता पुतणी व पुतण्या दोघेही सज्ञान आहेत, मिळवते आहेत. गेल्या वर्षी वहिनी आमच्या घरी आल्या आणि त्याच ओट्यावर बसल्या. पिशवीतून त्यांनी दोन टंकलिखित पाने काढली. आपल्या एक तृतीयांश वाट्याचे त्यांनी मृत्युपत्र केले होते.

“भावोजी, साक्षीदार म्हणून तुमची सही हवी,” त्या म्हणाल्या. “वकील म्हणाले, ज्याला यातून काही मिळणार नाही असा माणूस बघा.”

मृत्युपत्रावर आधी त्यांनी सही केली. मग आम्ही चष्मा लावून खाली आमचे नाव लिहिले. त्या फ्लॅटच्या कागदावर आमचे नाव दुसऱ्यांदा आले होते, आणि या वेळी ते जिथे असावयास हवे होते तिथेच होते.